छोट्या देखाव्यातले एलईडी: रेझिस्टर, तारा आणि बेसखालचे वायरिंग

प्रश्न थोडक्यात असा. १:३५ मापाचा, ३० बाय ४० सेंटिमीटर बेसवरचा रस्त्याचा कोपरा. दुमजली घर, खाली दुकान, वर एक खोली, शेजारी लोहाराची भट्टी, रस्त्यावर दोन दिव्याचे खांब, दुकानावर एक लाल पाटी. काळ १९३० च्या दशकाचा. सगळे एलईडी समांतर जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीला एकच ४७० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) लावला, तर फक्त लाल पेटला आणि तोही डोळ्यांत खुपेल इतका, पांढरे मेल्यासारखे. एक सुटा पांढरा एलईडी घरात ठेवून पाहिला, तेव्हा खिडकीऐवजी भिंतीच उजळल्या. आता नेमके काय करायचे?

पांढरे मेलेले नाहीत. लाल एलईडी १.८ ते २.२ व्होल्टवर पेटतो, पांढऱ्याला २.८ ते ३.४ लागतात. समांतर जोडणीत सगळ्यांवर व्होल्टेज एकच. लाल पेटला की तो ते दोनच्या आसपास धरून ठेवतो आणि दोन व्होल्टवर पांढरा हलतही नाही. मग ९ उणे २ भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर, एकट्या लालमधून जातात. लाल काढला तर पांढरे पेटतील, पण कमीजास्त, कारण एकाच पाकिटातल्या दोन एलईडींचे व्होल्टेजही तंतोतंत जुळत नाही; ज्याचे जरा कमी, तो जास्त ओढतो. म्हणून प्रत्येक समांतर फांदीला स्वतःचा रेझिस्टर. यात काटकसर करू नका, रेझिस्टर हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

दुसरी चूक आकड्यात नाही, सवयीत आहे. एलईडीच्या माहितीपत्रकात २० मिलिअँपिअर लिहिलेले असते, म्हणून लोक २० देतात. देखाव्यातल्या दिव्याला १ ते ३ मिलिअँपिअर पुष्कळ होतात. डोळ्याला प्रकाश सरळ प्रमाणात दिसत नाही: करंट दहाचा एक केला तरी दिवा दहापट मंद वाटत नाही, साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. २० मिलिअँपिअरवरचा एलईडी छोट्या खोलीत वेल्डिंगसारखा दिसतो, सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि रंगकामातली प्रत्येक छटा धुऊन निघते. भिंतीतून आरपार प्रकाश येण्याचे निम्मे कारण हेच.

आधी कागद

सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी बेसचा खऱ्या मापाचा आराखडा काढा आणि प्रत्येक दिव्यासमोर चार गोष्टी लिहा: तो खऱ्या जगात कोणता दिवा आहे, बघणाऱ्याला दिवा स्वतः दिसणार की फक्त त्याचा उजेड, तार कुठून खाली उतरणार, आणि नंतर बिघडला तर हात कुठून घालणार. चौथ्या रकान्यात उत्तर नसेल तर त्या दिव्याची जागा बदला किंवा छप्पर उचलता येईल असे करा. चिकटवलेल्या छपराखाली बंद पडलेला एलईडी म्हणजे घर फोडणे.

पहिल्या रकान्यावरून रंग ठरतो. तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती सुमारे १९०० केल्विन (उजेडाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), तारेचा जुना बल्ब २७०० च्या आसपास. ट्यूबलाइट बाजारात आली १९३८ मध्ये, त्यामुळे तुमच्या दशकात निळसर पांढरा दिवा जवळजवळ कुठेच बसत नाही. सगळीकडे वॉर्म व्हाइट घ्या. वरच्या खोलीत कंदील असेल तर त्याच वॉर्म व्हाइटवर तामिया एक्स-२६ या पारदर्शक नारिंगी रंगाचा एक पातळ हात द्या. दोन हात दिले की कंदिलाची भट्टी होते. लाल पाटी मात्र काळाला शोभते: निऑन वायूचा स्वतःचा रंगच लाल-नारिंगी आहे.

दुसऱ्या रकान्यावरून आकार ठरतो. साधा बल्ब ६० मिलिमीटरचा धरला तर १:३५ मध्ये तो १.७ मिमी होतो. ०६०३ मापाचा एसएमडी (पाय नसलेला, चपटा) एलईडी १.६ बाय ०.८ मिमी असतो, म्हणजे उघड्या बल्बच्या जागी तो अगदी चपखल. ०४०२ हा १ बाय ०.५ मिमी, तो १:७२ किंवा १:८७ साठी ठेवा. ०८०५ हा २ बाय १.२५ मिमी, सोल्डर करायला सोपा, आणि जिथे दिवा दिसणार नाही तिथे तोच वापरा. ३ मिमीचा गोल एलईडी रस्त्यावरच्या दिव्यात घालायचा मोह टाळा: १:३५ मध्ये तो साडेदहा सेंटिमीटरचा आणि १:८७ मध्ये २६ सेंटिमीटरचा, म्हणजे फुटबॉलहून मोठा गोळा होतो. शिवाय अशा घुमटाकार एलईडीचा झोत बहुधा अरुंद, १५ ते ३० अंशांचा असतो, तर एसएमडीचा १२० च्या आसपास. खोली उजळायला पसरणारा प्रकाश हवा, टॉर्च नको. हाताशी गोल एलईडीच असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्यांचा घुमट सपाट घासून धुरकट करा.

आकडेमोड, तुमच्या देखाव्याची

९ व्होल्टची बॅटरी सोडून द्या. तिच्यात सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असतात आणि व्होल्टेज सतत उतरत जाते. १२ व्होल्ट डीसीचा रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) अडॅप्टर घ्या. रेग्युलेटेड हा शब्द महत्त्वाचा: ट्रान्सफॉर्मरवाला जुना जड अडॅप्टर १२ लिहूनही लोड नसताना १६-१७ व्होल्ट देतो आणि हिशेब बिघडतो. घेतल्यावर मल्टिमीटरने मोजाच.

सूत्र एकच. सप्लायचे व्होल्ट उणे एलईडीचे व्होल्ट, भागिले हवा असलेला करंट. पांढऱ्याला ३ आणि लालला १.९ धरा. इतक्या कमी करंटवर पांढऱ्याचे व्होल्टेज खरे म्हणजे २.७-२.८ वर येते, त्यामुळे प्रत्यक्ष करंट कागदापेक्षा किंचित जास्त भरतो; त्याची फिकीर नको.

खांबांचे दोन दिवे वेगवेगळ्या फांद्यांवर, प्रत्येकी ३.३ किलोओहम: ९ व्होल्ट भागिले ३३००, म्हणजे २.७ मिलिअँपिअर. दुकानात तीन वॉर्म व्हाइट सिरीजमध्ये (एकामागे एक) आणि एकच १ किलोओहम: तिघे मिळून ९ व्होल्ट खातात, उरलेले ३ रेझिस्टरवर, ३ मिलिअँपिअर. सिरीजमध्ये चौथा घालू नका. चौघांचे बारा होतात, रेझिस्टरला काही उरत नाही आणि अडॅप्टरमधला थोडासा फरकही उजेडात दिसतो. वरच्या खोलीत एकच, ६.८ किलोओहमवर, १.३ मिलिअँपिअर. लाल पाटीला १० किलोओहम, १ मिलिअँपिअर. लाल कमी करंटवरही डोळ्यांत भरतो. सगळे पाव वॉटचे रेझिस्टर चालतात: ९ व्होल्ट गुणिले २.७ मिलिअँपिअर म्हणजे २४ मिलिवॉट, ते कोमटही होणार नाहीत.

हे आकडे सुरुवातीचे समजा. उजेड शेवटी डोळ्याने ठरतो. ४७० ओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १० किलोओहमचा ट्रिमर (फिरवून ओहम बदलता येणारा रेझिस्टर) अशी एक चाचणीची जोडी बनवून ठेवा. रंगवलेल्या घरात एलईडी टेपने चिकटवा, खोली देखावा जिथे ठेवणार तितकी अंधारी करा, ट्रिमर फिरवा आणि मन भरले की सप्लाय काढून दोन्ही मिळून किती ओहम झाले ते मोजा. मग १, १.५, २.२, ३.३, ४.७, ६.८, १० या मालिकेतला जवळचा, शंका असेल तर वरचा, पक्का रेझिस्टर घाला. सगळे दिवे एकत्र लावून पुन्हा बघा. एकटा असताना छान वाटलेला दिवा बाकीच्यांत नेहमी जास्त वाटतो.

एवढ्यासाठी एक शिस्त पाळायची: रेझिस्टर कधीही दिव्यापाशी, भिंतीत किंवा खांबात घालायचा नाही. सगळे बेसखाली, एका बोर्डवर, ओळीने. उजेड बदलायचा तर बेस उलटा करून एक रेझिस्टर बदलला की झाले.

०६०३ ला तार लावणे

तयार तार लावलेले एलईडी मिळतात आणि पहिल्या देखाव्याला ते घेण्यात कमीपणा नाही. स्वतः करायचे तर ०.१ ते ०.१५ मिमीची इनॅमल्ड वाइंडिंग वायर (वार्निशसारखा पातळ लेप असलेली तांब्याची तार) घ्या. ०.१ मिमीच्या तारेचा रोध मीटरला सुमारे २.२ ओहम, अर्धा मीटर जाऊन-येऊन ३ मिलिअँपिअरला ६-७ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे काहीच नाही. पण ही तार फक्त दिव्यापासून बेसखालच्या बोर्डापर्यंत. तिथून पुढे सगळ्यांचा मिळून करंट वाहतो, तिथे २४ गेजची नेहमीची प्लास्टिकची मल्टिस्ट्रँड वायर.

मास्किंग टेप चिकट बाजू वर करून टेबलावर पक्की करा आणि एलईडी त्यावर तोंड खाली, पॅड (जोडणीची धातूची दोन टोके) वर असा ठेवा. पॅडांना आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरवणारा लेप), मग अगदी टाचणीच्या टोकाएवढे सोल्डर. आता तार. पॉलियुरेथेनचे इनॅमल असेल तर ते उष्णतेनेच जाते: गन ३८० ते ४०० अंशांवर, टोकावर ताज्या सोल्डरचा टपोरा थेंब, आणि तारेचे टोक त्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा. आधी काहीच होत नाही, मग बारीक धूर निघतो आणि तांबूस तार अचानक चंदेरी होते. चंदेरी झाली नाही तर ते उष्णता सहन करणारे इनॅमल आहे. ब्लेडने हलके खरवडावे लागेल. धूर घशाला त्रासदायक असतो, खिडकी उघडी ठेवा. चंदेरी टोक १ मिमी ठेवून बाकीचे कापा. गन ३३० वर आणा, टोक पॅडवर टेकवा, गन लावा, सेकंदभरात काढा. तीन सेकंदांच्या वर गन टेकली की एलईडीचा पॅड उखडतो किंवा आतली जोडणी सुटते, आणि मग तो कधी लागतो कधी लागत नाही. पूर्ण मेलेला परवडला.

दोन्ही तारा एकाच दिशेला काढा. लांबच्या पॅडची तार एलईडीच्या पाठीवरून आणताना दुसऱ्या पॅडला उघडा भाग टेकणार नाही हे भिंगातून बघा. लगेच सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटन सेलवर तपासा; त्या सेलचा आतला रोधच इतका असतो की क्षणभराच्या तपासणीला वेगळा रेझिस्टर लागत नाही. मल्टिमीटरच्या डायोड सेटिंगवर पांढरा एलईडी पेटला नाही म्हणून फेकू नका, कित्येक मीटर तिथे तीन व्होल्टसुद्धा देत नाहीत. एसएमडीवरची हिरवी खूण बहुधा मायनसची असते, पण सगळे उत्पादक एकच पद्धत पाळत नाहीत, तेव्हा खुणेपेक्षा सेलवर विश्वास. पेटला की मायनसच्या तारेला टोकाशी एक गाठ मारा. काळा मार्कर पुसला जातो, गाठ राहते. मग सांध्यांवर यूव्ही रेझिन किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब, आणि दोन्ही तारांना सैलसा पीळ.

खांब

खांबाला पितळी नळी वापरली तर नळीच मायनस होते आणि आतून एकच तार न्यावी लागते. १:३५ मध्ये साडेतीन मीटरचा खांब १०० मिमी. नळी बाहेरून १.५ आणि आतून १ मिमीच्या आसपास पुरे. मान वळवायची असेल तर आधी तो भाग लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या, पितळ मऊ पडते. मग वळवा आणि त्यानंतरच तार ओवा. तार आत असताना वळवली तर ती चिमटते. कापलेल्या नळीचे तोंड आतून सुईकानशीने गोल करा. तिथल्या धारेवर इनॅमल खरवडले जाते आणि खांब शॉर्ट होतो. या प्रकारच्या खांबातला हा पहिल्या क्रमांकाचा बिघाड आहे. ओवून झाल्यावर नळी आणि तार यांच्यात मल्टिमीटरने बीप येत नाही ना हे बघा, मग दोन्ही तोंडांशी गोंदाचा थेंब.

यात एक मेख आहे. दोन खांबांच्या नळ्या बेसखाली एकाच मायनसला जोडल्या की ते दोन दिवे सिरीजमध्ये घेता येत नाहीत. वर हिशेबात खांब वेगळ्या फांद्यांवर ठेवले ते यासाठी. आणि एकदा नळी मायनस ठरली की सगळ्या देखाव्यात मायनसच सामायिक ठेवा. एका खांबाची नळी चुकून प्लस झाली आणि दोन खांबांमध्ये धातूचे कुंपण आले, तर शॉर्ट शोधायला संध्याकाळ जाते.

घरातून गळणारा उजेड

१ मिमीची पांढरी प्लास्टिक शीट, रेझिनचे ओतीव भाग, पातळ प्लास्टर, हे सगळे थोडे तरी पारभासी असते. आतून आधी काळा रंग द्या, दोन हात, आणि तो वाळल्यावर वरून पांढरा किंवा खोलीचा रंग. काळा उजेड अडवतो, पांढरा खोलीत परत फेकतो. नुसता पांढरा कितीही थर दिला तरी गळतो. भिंत आधी बाहेरून रंगवून झाली असेल तरी आतून हे करता येते. अ‍ॅल्युमिनियमची चिकट टेप उत्तम अडवते, पण ती वीजवाहक आहे. तिच्यावरून इनॅमल्ड तार नेऊ नका.

भिंतींच्या सांध्यांतून येणारी उजेडाची रेघ अंधारात सर्वांत आधी दिसते. एलईडी पूर्ण करंटवर लावून, खोली काळोखी करून, बाहेरून पेन्सिलने सगळ्या रेघा खुणवा, मग आतून काळा रंग मिसळलेला पीव्हीए गोंद भरा. बेस आणि भिंत यांच्यातली फटही विसरू नका. दुकानाचा उजेड वरच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून मधली तक्तपोशी पूर्ण बंद हवी. प्रत्येक खोली म्हणजे स्वतंत्र डबा.

दुकानातले तिन्ही एलईडी खिडकीतून थेट दिसले तर ते ठिपके दिसतील, दुकान नाही. त्यांना दर्शनी भिंतीच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेला, मागच्या भिंतीकडे तोंड करून लावा. काचेच्या जागच्या फिल्मला मागून ट्रेसिंग पेपर लावला की उजेड सारखा पसरतो, पण आत मांडलेले सामान धूसर होते. आत सामान असेल तर ट्रेसिंग नको. पारदर्शक फिल्मजवळ सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उजळू नका. एक अंधारी खिडकी शेजारच्या उजळ खिडकीला खोलपणा देते.

भट्टी आणि चांदणे

भट्टीला तीन एलईडी: लाल, नारिंगी, पिवळा. तिन्ही निखाऱ्यांच्या खाली. तयार फडफडणाऱ्या मेणबत्ती-एलईडीने एक पणती भागते, भट्टी नाही, कारण त्याची लय डोळ्याला लगेच कळते. शिवाय त्याच्या आत चिप असते आणि दुसऱ्या एलईडीशी सिरीजमध्ये जोडला तर तोही फडफडतो. एटीटायनी८५ ही आठ पायांची, प्रोग्राम करता येणारी चिप पुरते. तिच्या ५, ६ आणि ३ नंबरच्या पायांवर हार्डवेअर पीडब्ल्यूएम (दिवा अतिवेगाने चालू-बंद करून उजेड कमीजास्त करणे) मिळते. ८ आणि ४ या सप्लायच्या पायांमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर अगदी लगत हवा. चिपला ५ व्होल्ट द्या. १२ वरून ७८०५ रेग्युलेटरने घ्या. २० मिलिअँपिअरला त्यात ७ गुणिले ०.०२, म्हणजे ०.१४ वॉट जातात, हीटसिंक नको. एलईडींना प्रत्येकी १ किलोओहम, सुमारे ३ मिलिअँपिअर. प्रोग्राममध्ये लाल जवळजवळ स्थिर ठेवा आणि नारिंगी-पिवळ्याला स्वतंत्र यादृच्छिक पातळ्या द्या, ३० ते १२० मिलिसेकंदांनी बदलणाऱ्या. तिघांना एकच यादृच्छिक आकडा दिला की ती आग दिसत नाही, सैल बल्ब दिसतो. निखाऱ्यांसाठी पारदर्शक प्लास्टिकचे खडे ठेचून खोबणीत नारिंगी आणि माथ्यावर काळे रंगवा. उजेड फटींतून वर यायला हवा.

देखावा पेटीत किंवा चौकटीत असेल तर वरच्या कडेमागे १२ व्होल्टची कूल व्हाइट एलईडी पट्टी लपवा. मीटरला ६० एलईडीची ४.८ वॉटची पट्टी दर ५ सेंटिमीटरला कापता येते. ३० सेंटिमीटर म्हणजे १२० मिलिअँपिअर. ती डिमरवर अगदी मंद ठेवली की चांदण्याचा आभास होतो आणि घरातले पिवळे दिवे आपोआप जास्त उबदार दिसतात. ही पट्टी नसेल तर दिव्यांच्या मधले सगळे रंगकाम काळोखात बुडते. फोटो काढताना आडवे पट्टे आले तर दोष कॅमेऱ्याचा नाही, डिमरच्या पीडब्ल्यूएमचा आहे. शटर हळू करा.

बेसखाली

सगळे मिळून: खांब साडेपाच, दुकान साडेतीन, वरची खोली आणि पाटी मिळून अडीच, भट्टी चिप-रेग्युलेटरसह वीस, पट्टी १२०. दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास. अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, १ अँपिअरचा असला तरी बिघडत नाही. दिवे लागेल तेवढेच ओढतात. बिघडते ते शॉर्ट झाल्यावर. केसासारखी तार १ अँपिअरला वितळून तुटत नाही, नुसती तापत राहते, आणि ती फोममध्ये पुरलेली असते. म्हणून प्लसवर, जॅकच्या लगेच पुढे, २५० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज (करंट जास्त झाला की तापून तो आवरणारा आणि गार झाल्यावर पूर्ववत होणारा फ्यूज) घालाच. त्याच्यापुढे १एन-४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), म्हणजे कोणी उलट्या पोलॅरिटीचा अडॅप्टर लावला तरी एलईडी वाचतात. त्यांची उलटे व्होल्टेज सोसण्याची क्षमता बहुधा ५ व्होल्टच असते. डायोड ०.७ व्होल्ट खातो. एकेकट्या दिव्यांत फरक कळणार नाही, तिघांच्या सिरीजमध्ये किंचित कळेल, म्हणून ट्रिमरची चाचणी डायोड लावूनच करा. जॅक ५.५ बाय २.१ मिमीचा घेतला तर अडॅप्टरची पिनही तीच हवी, २.५ वाली पिन आत जाते पण सैल बसते आणि दिवे लुकलुकतात.

बेस आतून पोकळ, किमान २५ मिमी उंचीचा करा, खालचे झाकण स्क्रूचे. मध्ये तांब्याच्या पट्ट्यांचा व्हेरोबोर्ड: एक पट्टी प्लस, एक मायनस, मध्ये रेझिस्टरांची रांग. प्रत्येक दिव्याच्या तारा २.५४ मिमीच्या पिन-हेडरवर (काढता-घालता येणाऱ्या पिनांच्या पट्टीवर) आणा आणि शेजारी नाव लिहा. वर्षभराने बेस उघडल्यावर बारा सारख्या तांबड्या तारा बघून कोणालाच काही आठवत नाही. घर बेसवरून उचलता येणार असेल तर त्याच्या तारा २ मिमी पिचच्या जेएसटी कनेक्टरवर घ्या आणि तो कनेक्टर बाहेर येईल एवढे भोक आधीच पाडा. तारेसाठी भोके ३ मिमीची, आत प्लास्टिकची नळी किंवा श्रिंक स्लीव्हचा तुकडा, म्हणजे कडेवर इनॅमल कापले जात नाही. भोकाखाली तार सैल गुंडाळी करून गोंदाने पकडा. ताण एलईडीच्या सांध्यावर कधीच येऊ नये. फोमचा बेस असेल तर सुपरग्लू त्याला खातो आणि जास्त तापलेली ग्लू-गन खड्डा पाडते.

जमीन, प्लास्टर, कृत्रिम पाणी ओतायच्या आधी सगळे दिवे सलग २४ तास चालू ठेवा. अर्धवट सांधा बहुधा याच काळात सुटतो. ओतल्यानंतर मात्र उलट: प्लास्टर आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत सप्लाय लावूच नका. ओल्या थरात डीसी गेला की इनॅमलच्या बारीकशा ओरखड्यापाशी विद्युत-विघटन होते, प्लसच्या बाजूचे तांबे हिरवे पडते आणि महिन्याभरात तार आतल्या आत तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही.

तरीही एखादा दिवा लागला नाही तर आधी त्याचा हेडर सोडवा आणि तारेच्या टोकांवर बटन सेल लावा. पेटला तर दोष बोर्डवर, म्हणजे रेझिस्टर किंवा सोल्डर. नाही पेटला तर सेल उलटा लावा. तेव्हा पेटला तर गाठ चुकीच्या तारेला आहे. तरीही नाही, तर दिव्याच्या टोकाचा सांधा. दुकानातले तिघे एकदम गेले तर तिन्ही जळालेले नसतात, सिरीजमध्ये एक सुटला की सगळे जातात: प्रत्येकावर आळीपाळीने सेल टेकवा, न पेटणारा सापडेल. सगळे दिवे एकदम मंद झाले आणि बोर्डवरचा पॉलिफ्यूज बोटाला गरम लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे. सगळे हेडर काढा, एकेक परत लावत जा, आणि ज्याने पुन्हा मंद होतील त्याच्या तारा आधी तपासा.